डाऊनची स्लीपिंग बॅग: तोरणमाळला कोणती, केदारकंठाला कोणती

शिरपूरच्या एका शिक्षक वाचकाचा प्रश्न आहे. डिसेंबरअखेर नवरा-बायको दोघं तोरणमाळला तंबू टाकून दोन रात्री राहणार आहेत आणि जानेवारीच्या शेवटी उत्तराखंडातल्या केदारकंठाचा ट्रेक करणार आहेत. त्यांनी ऑनलाइन एक डाऊनची, म्हणजे हंस-बदकांच्या मऊ पिसांची, बॅग बघून ठेवली आहे. तिच्यावर 'उणे १०' आणि '८०० फिल पॉवर' असं छापलंय. दोन्हीकडे हीच चालेल का, की आणखी गरम घ्यावी?

भाऊ, उत्तर आधी देतो, कारणं नंतर. तोरणमाळला उणे १० ची बॅग लागत नाही. केदारकंठाला तेवढी ऊब लागते, पण तुम्ही बघितलेल्या बॅगेवरचा उणे १० हा नेमका कुठला आकडा आहे ते कळल्याशिवाय त्यावर झोपायची जबाबदारी मी घेणार नाही. आणि दोन्ही ठिकाणी बॅगेच्या आधी मॅटचे पैसे बाजूला काढा.

मॅटचं आधी सांगतो, कारण दुकानात शिरलेला माणूस बॅग बघण्यात दोन तास घालवतो आणि निघताना काउंटरजवळची स्वस्तातली मॅट उचलतो. बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब तुमच्या अंगाची. बॅग ती फक्त धरून ठेवते. ती धरते कोण, तर पिसांच्या मधे अडकलेली हवा. तुम्ही आडवे झालात की पाठीखालचं डाऊन दाबून पापडासारखं होतं, तिथली हवा निघून जाते आणि पाठीखाली उरतं दोन पदरी नायलॉन. म्हणजे पंधरा हजारांची बॅग घेतली तरी खालून येणाऱ्या थंडीपुढे तिचा उपयोग जवळजवळ शून्य. पहाटे तीनला 'थंडी वाजस, थंडी वाजस' करत जो उठून बसतो, त्याला विचारा कुठे लागतेय. बहुतेक वेळा हात पाठीवर नाहीतर कमरेवर जातो.

मॅट किती उबदार ते आर-व्हॅल्यूवर कळतं. आकडा जितका मोठा तितकी खालची थंडी कमी. यात सोय अशी की दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. फोमची घडीची मॅट साधारण २ च्या आसपास असते. तोरणमाळच्या कोरड्या जमिनीवर तेवढी पुरते, खाली एखादी घोंगडी असली तर उत्तमच. बर्फावर मात्र बेरीज ५ च्या वर गेली पाहिजे: खाली फोम, वर आतून थर असलेली हवेची मॅट. इथे एक फसगत नेहमी होते. घरी पाहुणे आल्यावर फुगवायची जाडजूड गादी लोक घेऊन येतात, जाड आहे म्हणजे गरम असणार या हिशेबानं. तिच्यात नुसती मोकळी हवा असते, ती आत फिरत राहते आणि तुमची ऊब खाली जमिनीला देऊन येते. वीतभर जाड गादीवर माणूस गारठतो आणि शेजारचा बोटभर फोमवर घोरतो, हे दृश्य कॅम्पवर नवीन नाही.

आता आकड्यांकडे येऊ. चांगल्या बॅगेच्या आत शिवलेल्या पट्टीवर आयएसओ २३५३७ असं लिहिलेलं असतं. जुन्या मालावर ईएन १३५३७ दिसेल. ही चाचणी तापवलेल्या पुतळ्यावर होते. पुतळ्याला पूर्ण बाह्यांचे थर्मल आणि मोजे घातलेले असतात आणि खाली मॅट असते. त्यातून थंडीचे तीन आकडे निघतात. पहिला कम्फर्ट: साधारण अंगाची बाई निवांत, न आखडता झोपू शकेल ते तापमान. दुसरा लिमिट: पुरुष पाय पोटाशी घेऊन, कुशीवर आखडून कशीबशी रात्र काढू शकेल ते तापमान. तिसरा एक्स्ट्रीम: बाईनं सहा तास काढले तर जीव वाचेल, पण गारठ्याचा त्रास होऊ शकेल ते तापमान. तिसरा आकडा वाचायचाच नाही. तो झोपेचा आकडाच नव्हे.

कम्फर्ट आणि लिमिट यांत पाच-सहा अंशांचं अंतर असतं, आणि एक्स्ट्रीम लिमिटच्याही पंधरा-वीस अंश खाली. बॅगेवर ठळक अक्षरात यातला कुठला छापायचा हे विकणाऱ्याच्या मनावर. तुमचा उणे १० जर लिमिट असेल तर तुमच्यासाठी ती उणे ४-५ ची बॅग. एक्स्ट्रीम असेल तर ती आठ-दहा अंशांची बॅग आहे आणि केदारकंठाला तिच्यात झोपणं म्हणजे रात्रभर घड्याळ बघणं. आणि पट्टीवर ना आयएसओ ना ईएन, नुसताच उणे १०, तर तो आकडा कुणीतरी टेबलावर बसून लिहिलाय असं समजा.

मी स्वतः फक्त कम्फर्ट बघतो आणि इतरांनाही तेच सांगतो, पुरुष असले तरी. कुशीवर आखडून रात्र काढायला आपण सुट्टी घेऊन जात नाही. वहिनींसाठी तर कम्फर्टपेक्षाही दोन-तीन अंश हातचे ठेवा. हातपाय लवकर गार पडणारी माणसं असतात, त्यांना ते स्वतःला पक्कं ठाऊक असतं.

८०० फिल पॉवरबद्दल. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन मोकळं फुलू दिलं तर किती घन इंच जागा व्यापतं, तो हा आकडा. ८०० चं डाऊन २८ ग्रॅममध्ये तेरा लिटर जागा धरतं, ५५० चं नऊ लिटर. आपल्या कापसाच्या मुलखात हे वेगळं समजवायला नको: पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेली गादी आणि दहा वर्षं वापरून गोळे झालेली गादी, कापूस तोच, वजनही तेच, फरक फक्त आत धरलेल्या हवेचा.

पण ८०० हा दर्जा झाला, माप नव्हे. भरलंय किती, हे त्यात कुठेच नाही. ८०० चं डाऊन ३०० ग्रॅम भरलेली बॅग तोरणमाळला झकास, केदारकंठाला उघडी. याउलट ६५० चं ६०० ग्रॅम आणि ८०० चं ५०० ग्रॅम हिशेब करून बघा; दोन्हीकडे सव्वादोनशे लिटरच्या आसपास हवा धरली जाते. ऊब जवळजवळ सारखी, पाठीवरचं ओझं शंभर ग्रॅमनं कमी-जास्त, आणि किमतीत मात्र हजारोंचा फरक. रोज पंधरा किलोमीटर बोजा वाहणारा नसेल तर ६५० वाल्याला मी कधीच नाही म्हणत नाही. म्हणून विक्रेत्याला प्रश्न एकच विचारायचा: आत डाऊन किती ग्रॅम आहे? पूर्ण बॅगेचं वजन नको, भरणीचं वजन सांगा. कम्फर्ट उणे ५ च्या जवळ जायचं तर पाच-सहाशे ग्रॅम चांगलं डाऊन लागतंच, आणि कापड-चेन धरून बॅग सव्वा किलोच्या आसपास जाते. कुणी ७०० ग्रॅमची बॅग दोन हजारात 'उणे १०' म्हणून देत असेल तर आत डाऊन नाही किंवा आकडा खोटा आहे. बऱ्याचदा दोन्ही.

डाऊनच्या टक्केवारीकडेही एक नजर टाका. ९०/१० म्हणजे नव्वद टक्के मऊ गुच्छ आणि दहा टक्के काडीची पिसं. ५०/५० असेल तर ती पिसांची बॅग, डाऊनची नव्हे. हाताला काड्या टोचतात, लगेच कळतं. हंसाचं की बदकाचं यात फार अडकू नका.

बॅग हातात आली की मोबाइलचा टॉर्च लावून आत सरकवा, खोलीतला दिवा बंद करा आणि बाहेरून बघा. डाऊन कुठे आहे आणि कुठे नाही ते एक्स-रेसारखं दिसतं. आतलं आणि वरचं कापड एकाच शिवणीत आरपार शिवलं असेल तर प्रत्येक शिवणीवर उजेडाची सरळ रेघ दिसते. त्या रेघेत डाऊन नाही, म्हणजे तिथून थंडी आत येणार. दहा अंशांपर्यंत अशी बॅग चालते, शून्याखाली नाही. थंडीच्या बॅगेत दोन कापडांच्या मधे जाळीच्या उभ्या भिंती घालून खोके केलेले असतात. त्यात डाऊन शिवणीवरही उभं राहतं आणि रेघ पुसट होते. मग छातीवरचे कप्पे बघा. तिथे काळोख दाट पाहिजे. कोपऱ्यात ढीग आणि मधे उजेड असं दिसलं तर बॅग हलक्या हातानं झटकून पुन्हा बघा. तरीही तसंच राहिलं तर परत पाठवा.

चेन आत झोपून, डोळे मिटून, एका हातानं लावून बघा. दोन-तीनदा कापड अडकलं तर रात्री दहादा अडकणार. चेनच्या मागे आतून डाऊनची नळी असावी आणि मानेभोवती दोरीनं आवळायची डाऊनची कॉलर असावी. कूस बदलली की गरम हवा मानेतूनच भस्सकन बाहेर पडते, त्यामुळे शून्याखालच्या बॅगेला कॉलर नसेल तर ती मी हातात घेत नाही. मापही बघा. खांदे आवळले तर डाऊन आतून दाबलं जातं, फार ढिली असली तर रिकामी जागा तापवण्यात रात्र जाते. एकमेकींना जोडता येणाऱ्या डाव्या-उजव्या चेनच्या बॅगा मिळतात. तोरणमाळला मजा आहे, बर्फात दोघांच्या मधल्या फटीतून गार हवा आत येते.

आता तोरणमाळ. आपल्याकडची थंडी लोकांना खोटी वाटते, कारण भुसावळ-जळगावचं नाव निघतं ते उन्हाळ्याच्या ४५ अंशांसाठी. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या आपण वाचतोच, रावेर-यावलकडे केळीवर चरका पडतो, आणि सातपुड्यातल्या डाब गावाला दव गोठून गवतावर पांढरा थर दिसतो. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर आहे. त्यामुळे शून्याच्या जवळपासचं गृहीत धरा, त्याखालचं नाही. तिथली खरी अडचण थंडीपेक्षा दव आहे, आणि डाऊनचा खरा वैरी ओलच. भिजलेलं डाऊन गोळा होतं, हवा धरणं सोडतं आणि कॅम्पवर वाळतही नाही. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ उघड्यावर घोंगडी घेऊन झोपतात त्यात शहाणपण आहे: लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब देते. डाऊन तेवढं सोसत नाही.

म्हणून यशवंत तलावाच्या काठाला तंबू लावू नका, फोटो कितीही छान येत असला तरी. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं गार होते, जड झालेली गार हवा उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते, वर तलावाची ओल. तलावापासून थोडं वर, चढावर, झाडांच्या आडोशाला जागा शोधा. रात्री तंबूच्या जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवा. बंद केल्या तर दोघांच्या श्वासाची वाफ कापडाला आतून चिकटते आणि पहाटे थेंब पडायला लागतात. बॅगेचा पायाकडचा भाग तंबूच्या भिंतीला टेकतो आणि सकाळी तेवढाच हातभर पट्टा ओला आणि चपटा झालेला असतो. पायावर बाहेरून रेनकोट टाका, काम होतं. तोंड बॅगेत खुपसून झोपू नका, श्वासाची सगळी ओल आत जाते. नाक उघडं, बाकी माकडटोपी. सकाळी बॅग उलटी करून ऊन चढेपर्यंत तंबूवर पसरा, दहाच्या आधी घडी नको.

याच कारणानं तोरणमाळला फार गरम बॅग उलट त्रास देते. उणे १० ची बॅग, त्यात अंगात स्वेटर आणि जॅकेट, वर चेन गळ्यापर्यंत: मध्यरात्री घाम, घामाची ओल डाऊनमध्ये, आणि दुसऱ्या रात्री तीच बॅग पहिल्यापेक्षा गार. थर्मलचा एक जोड आणि कोरडे मोजे पुरेत. जॅकेट बॅगेच्या आत घालून डाऊन दाबण्यापेक्षा वरून पांघरा.

मग घ्यायचं काय? माझ्या मते दोघांनाही कम्फर्ट शून्याच्या आसपासची, खोक्याच्या शिवणीची, कॉलर असलेली डाऊन बॅग. वहिनींची शक्य झाल्यास उणे २-३ ची. तोरणमाळला ती चेन उघडून गोधडीसारखी पांघरता येईल, पुढे साल्हेर-मुल्हेरलाही कामी येईल. केदारकंठाला जानेवारीत वरच्या कॅम्पवर रात्री पारा शून्याखाली आठ-दहा अंश सहज जातो, तेव्हा हीच बॅग आयोजकांनी दिलेल्या सिंथेटिक बॅगेच्या आत घाला. बहुतेक आयोजक बॅग देतात, पायथ्याच्या सांकरी गावात भाड्यानंही मिळते; जायच्या आधी फोन करून विचारून घ्या. दोन बॅगांची ऊब एकमेकींवर चढते. शिवाय अंगातून निघालेली वाफ बाहेरच्या थंड थरात जाऊन गोठते, म्हणजे ओल सिंथेटिक बॅग झेलते आणि तुमचं डाऊन कोरडं राहतं. अट एकच, बाहेरची ऐसपैस हवी. भाड्याच्या बॅगेच्या कळकटपणाचा प्रश्नही यात सुटतो. एका ट्रेकसाठी उणे १० कम्फर्टची बॅग विकत घेणं मला उधळपट्टी वाटते. वर्षातले उरलेले दिवस ती कपाटात पडून राहणार.

आणि हिमालयात पुन्हा जायचं नसेल, फक्त सातपुड्यात हिंडायचं असेल, तर डाऊन घेऊच नका. पाच अंशांची सिंथेटिक बॅग आणि घरची गोधडी, निम्म्याहून कमी पैशात काम होतं. दवाची काळजीही फारशी राहत नाही.

झोपण्याआधी पोटभर जेवा. खिचडीवर शेंगदाण्याचं तेल घेताना हात आखडू नका, रात्री शरीराला जाळायला तेच लागतं. गरम पाणी भरलेली घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून मांड्यांच्या मधे ठेवा. लघवीला लागली तर उठा, टाळल्यानं थंडी कमी होत नाही. तंबूत शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं, कोळसा काहीही नको, खिडकी उघडी असली तरी नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

सांभाळायचं थोडक्यात. प्रवासात बॅग छोट्या पिशवीत कोंबलेली चालते, पण तंबू लागला की लगेच बाहेर काढून फुलू द्या, किमान अर्धा तास. घरी मोठ्या सुती पिशवीत ढिली ठेवा, पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेत नको. उंदरांना ती घरट्यासाठी फार आवडते. डांबराच्या गोळ्यांचा वास वर्षभर जात नाही. धुवायची वेळ आलीच तर कपड्यांची पावडर नको, पिसांचं नैसर्गिक तेल जातं. डाऊनसाठीचा वेगळा साबण मिळतो. ओली बॅग एका टोकानं उचलू नका, आतल्या जाळ्या फाटतात. दोन्ही हात खाली घालून उचला. वाळवायला आपल्याकडचा मार्च फार चांगला. सावलीत, वाऱ्यावर, दोन-तीन दिवस, आणि मधे मधे बोटांनी गोळे फोडत राहा. पुण्या-मुंबईच्या लोकांना यासाठी ड्रायर शोधावा लागतो.

शेवटी तुमच्या त्या ऑनलाइन बॅगेचं. विक्रेत्याला दोन गोष्टी लिहून विचारा: कम्फर्ट किती आणि डाऊन किती ग्रॅम. उत्तर आलं तर मागवा, पण आत्ताच, डिसेंबरची वाट न बघता, म्हणजे परतीची मुदत हातात राहील. आली की किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा आणि लिहिलेल्या वजनाशी ताडून बघा. मग टॅग न काढता, खाली मॅट टाकून, गच्चीवर एक रात्र झोपा. शिरपूरला पारा दहा-बाराच्या खाली आलेली रात्र निवडा आणि वहिनींनाही त्यांच्या बॅगेत झोपायला लावा. तिथे दहा अंशांत थंडी वाजली तर दुसऱ्या दिवशी कुरिअरवाल्याला बोलवा.